घर विकताय? बघायला येणाऱ्याला किती बघू द्यायचं आणि कुठे थांबवायचं

डोंबिवलीतला आमचा टू बीएचके विकायला काढला तेव्हा मला वाटलं होतं की लोक येतील, हॉलमध्ये उभे राहून "हवा छान आहे हो" म्हणतील, किचनचा ओटा बघतील, भाव करतील आणि जातील. पहिल्या दोन पार्ट्या तशाच आल्या. तिसरी आली ती पाच जणांची. काका, काकू, काकूंचे भाऊ जे रिटायर्ड सिव्हिल इंजिनियर, एक वास्तूवाले आणि काकांच्या फोनच्या स्क्रीनवर न्यू जर्सीतला त्यांचा मुलगा. काकांच्या या मेहुण्यांनी चपला काढल्या काढल्या खिशातून पाच रुपयांचं नाणं काढलं आणि थेट बाथरूममध्ये जाऊन फरशीवर ठोकायला सुरुवात. ठण, ठण, ठण, थप्प. "इथे पोकळ आहे," असं जाहीर करून म्हणाले, "दोन टाइल्स उचकटून बघू, खाली वॉटरप्रूफिंग काय केलंय ते कळेल." आई किचनच्या दारातून माझ्याकडे बघतेय, मी आईकडे, आणि तेवढ्यात बेडरूममधून कपाटाचं दार उघडल्याचा आवाज.

पुढे हीच पार्टी आमची गिऱ्हाईक झाली, पण मधल्या अडीच महिन्यांत काय दाखवायचं आणि काय नाही यावर आमची जी काही डोकेफोड झाली त्यातून हे लिहितेय. पहिल्यांदा घर विकणाऱ्यांसाठी आहे, त्यातही जे त्याच घरात राहत असताना विकतायत त्यांच्यासाठी जास्त.

आधी हे क्लिअर करून घ्या

घेणाऱ्याला बघायचा आणि विचारायचा हक्क आहे, तो उपकार म्हणून देत नाही आपण. मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882 मधलं कलम 55 यासाठीच आहे. त्यात विकणाऱ्याची कामं लिहिलीत: घरात किंवा टायटलमध्ये, म्हणजे मालकी हक्कात, एखादा मोठा दोष आपल्याला माहीत आहे आणि घेणाऱ्याला नेहमीच्या काळजीने बघून तो कळणार नाही, तर तो आपणच सांगायचा. त्याने मागितले तर टायटलचे कागद तपासायला द्यायचे. आणि प्रॉपर्टीबद्दल किंवा टायटलबद्दल त्याने विचारलेल्या प्रश्नांची जमेल तेवढी खरी उत्तरं द्यायची. दोष मुद्दाम दडवला तर कायदा त्याला फसवणूक म्हणतो, त्यामुळे "विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही" ही पळवाट विसरा.

पण तेच कलम नीट वाचलं तर आपली बाजूही त्यातच आहे. प्रश्न प्रॉपर्टीबद्दल आणि टायटलबद्दल. तुमचा पगार किती, नवीन घर केवढ्याला घेतलंत, भावाशी पटत नाही का, हे त्यात बसत नाही. आणि कागद तपासायला द्यायचे म्हणजे दाखवायचे, घरी न्यायला द्यायचे नाहीत. फरशी फोडू द्या असं तर कुठेच लिहिलेलं नाही.

स्टेप 1: त्यांच्या आधी आपणच तपासा

ही स्टेप सगळे टाळतात आणि खरं तर निम्मं काम इथेच होतं. माणूस टाइल उचकटायची भाषा कधी करतो? त्याला वाटतं की आपण काहीतरी लपवतोय. आमच्या बाथरूमची गोष्ट अशी की 2018 मध्ये खालच्या मजल्यावरच्या वहिनींच्या सीलिंगला ओल आली म्हणून आम्ही सगळं फोडून वॉटरप्रूफिंग करून घेतलं होतं, बिल होतं, कामाचे फोटो आईच्या जुन्या फोनमध्ये होते, आणि हे आम्ही कुणालाच सांगितलं नव्हतं कारण "लीकेज" हा शब्द काढला की भाव पडेल अशी बाबांना भीती. ते फोटो पहिल्याच दिवशी टेबलावर असते तर मेहुण्यांचं नाणं खिशातच राहिलं असतं.

तर एक फाइल बनवा. घराला आतापर्यंत काय काय झालं आणि त्याचं काय केलं, एका पानावर साध्या भाषेत. ओल कुठे आली, कधी दुरुस्त केली, वाळवी झाली होती का, वायरिंग कधी बदललं, कुठली भिंत काढलीत का. जे दुरुस्त केलेलं नाही तेही लिहा. आमचा फ्लॅट चौथ्या म्हणजे टॉप फ्लोअरला, पावसाळ्यात छोट्या बेडरूमच्या एका कोपऱ्यात डाग यायचा, तो आम्ही तसाच लिहिला. रंग मारून डाग झाकायचा सल्ला आम्हाला ब्रोकरने दिला होता, ऐकला नाही ते बरं, कारण जुलैमध्ये तो परत वर आला असता आणि तेव्हा काका त्या घरात राहत असते.

फाइलमध्ये सोसायटीचा स्ट्रक्चरल ऑडिट रिपोर्टही ठेवा, म्हणजे बिल्डिंगच्या मजबुतीच्या तपासणीचा. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे 15 ते 30 वर्षांच्या बिल्डिंगचं ऑडिट दर 5 वर्षांनी आणि 30 च्या पुढे दर 3 वर्षांनी व्हायला हवं. आमची बिल्डिंग 2003 ची, रिपोर्ट सेक्रेटरीकाकांकडे कपाटात धूळ खात होता, अर्ज देऊन झेरॉक्स घेतली. तुमच्या सोसायटीने केलंच नसेल तर तसं सरळ सांगा, घेणारा ते शोधून काढतोच.

स्टेप 2: पहिली भेट, चाळीस मिनिटं, बस्स

पहिल्या भेटीत घर दाखवायचं, तपासू द्यायचं नाही. वेळ आधी ठरवा, किती जण येणार ते विचारा, ब्रोकर असेल तर तो प्रत्येक वेळी बरोबर हवा म्हणून सांगा, आणि सोसायटीच्या गेटवर नाव-नंबर रजिस्टरमध्ये लिहायला लावा. घरात आई एकटी असेल तेव्हा कुणालाही आत घ्यायचं नाही हा नियम आम्ही दुसऱ्याच आठवड्यात केला, एक माणूस दुपारी तीन वाजता न सांगता "इथून जातच होतो" म्हणून आला होता. तो खरा गिऱ्हाईक असेलही, पण घरात काय काय आहे आणि कोण किती वाजता असतं याचा अंदाज घ्यायची ही फुकटची पद्धत आहे हे लक्षात ठेवा. दागिने, पासबुकं, औषधं, मुलांचे शाळेचे आयकार्ड, सगळं आधीच कुलपात.

कपाटांचं काय? फिक्स फर्निचर जर किमतीत धरलं असेल तर ते उघडून बघायचा त्यांना हक्क आहे, पण उघडणार आपण. आमच्या काकू वाईट नव्हत्या, त्यांना फक्त कपाट किती खोल आहे ते बघायचं होतं, पण आईच्या साड्यांच्या घडीवर कुणीतरी परका हात ठेवतोय हे आईला आजही आठवतं. त्यानंतर मी प्रत्येक पार्टीला दारातच हसून सांगायचे, "काही उघडून बघायचं असेल तर मला सांगा, मी उघडते." एवढं पुरतं.

व्हिडिओ: मुलगा परदेशात असेल तर व्हिडिओ कॉल मागणारच, त्यात गैर काही नाही. कॉलवर लाइव्ह दाखवा, रेकॉर्डिंग नको म्हणा. त्यापेक्षा सोपं म्हणजे एका रविवारी घर आवरून, देवघर आणि फॅमिली फोटो सोडून, आपणच तीन मिनिटांचा व्हिडिओ काढायचा आणि तोच सगळ्यांना पाठवायचा. दाराचं कुलूप, ग्रिल आणि किल्ल्यांची जागा त्यात येऊ देऊ नका.

वास्तूवाल्यांना होकायंत्र घेऊन फिरू द्या, दहा मिनिटांचं काम असतं. आमच्याकडच्यांनी गॅसची शेगडी हलवून बघायला सांगितली, ती मात्र हलवू दिली नाही.

स्टेप 3: मागणी आली की स्वतःला तीन प्रश्न विचारा

यात काही फुटणार-तुटणार आहे का? ती वस्तू मुळात माझी आहे का, की सोसायटीची किंवा शेजाऱ्याची? आणि समोरच्याने आतापर्यंत काही पैसे गुंतवलेत का? मेहुण्यांच्या मागण्या एकेक करून या तीन प्रश्नांतून गेल्या, त्याच सांगते.

टाइल्स फोडणं. फुटणार, आणि एकदा नवीन केलेलं वॉटरप्रूफिंग फोडलं की तेच लीकेजचं कारण होतं, वर जुनी टाइल मॅचिंगमध्ये मिळत नाही. सरळ नाही. शिवाय नाण्याचा पोकळ आवाज म्हणजे टाइलखाली सिमेंट कमी पडलंय एवढंच, गळती आहे असं नाही. पण नुसतं नाही म्हणून भागत नाही, त्याच्या बदल्यात काय देणार ते सांगावं लागतं. आम्ही पाणी भरून ठेवायची टेस्ट दिली. बाथरूमची जाळी प्लास्टिक आणि फडक्याने पक्की बंद करायची, उंबऱ्याच्या खाली राहील इतकं इंच-दीड इंच पाणी भरायचं, पाण्याची पातळी भिंतीवर पेन्सिलने मार्क करायची आणि 24 तास, शक्य असेल तर 48 तास तसंच ठेवायचं, मग खालच्या घराचं सीलिंग बघायचं. खालच्या वहिनींना आधी विचारलं, त्यांनी चहाच्या बोलीवर परवानगी दिली. शनिवारी संध्याकाळी पाणी भरलं, सोमवारी सकाळी मेहुणे खालच्या बाथरूममध्ये स्टुलावर चढून सीलिंगला हात लावून आले, कोरडं. आम्ही दोन दिवस आंघोळीला दुसरं बाथरूम वापरलं, त्यावरून घरात भांडणं झाली ती वेगळी. तुमच्याकडे एकच बाथरूम असेल तर बाहेरगावी जाताय तो वीकेंड निवडा.

कोअर टेस्ट. ही मागणी दुसऱ्या भेटीत आली. बीममधून किंवा कॉलममधून ड्रिलने काँक्रीटचा साधारण अडीच-तीन इंच रुंदीचा गोल तुकडा काढून लॅबमध्ये दाबून बघतात, त्यातून काँक्रीटची ताकद कळते. टेस्ट चांगलीच आहे, पण बीम-कॉलम एकट्या तुमच्या फ्लॅटचे नसतात, पूर्ण बिल्डिंगचा सांगाडा त्यावर उभा आहे, त्यामुळे तुम्ही हो म्हणायचा प्रश्नच येत नाही. ती सोसायटीने ऑडिटरमार्फत करायची गोष्ट. मेहुणे मग म्हणाले की नुसती हॅमर टेस्ट करू, ती नॉन-डिस्ट्रक्टिव्ह, म्हणजे तोडफोड न करणारी, असते. असते खरी, पण रिबाउंड हॅमर असो की अल्ट्रासॉनिकची टेस्ट, दोन्हीला उघडं काँक्रीट लागतं, म्हणजे तेवढ्या जागेचं प्लास्टर खरवडावं लागतं, हे मला सोसायटीच्या ऑडिटरने फोनवर सांगितलं म्हणून कळलं. तर नॉन-डिस्ट्रक्टिव्ह ऐकून लगेच मान डोलावू नका, "प्लास्टर काढणार का?" एवढं विचारा. आम्ही ऑडिट रिपोर्टची कॉपी दिली, त्यात याच टेस्टचे आकडे होते, आणि सेक्रेटरीकाकांचा नंबर दिला.

टेरेस. टॉप फ्लोअर असल्यामुळे त्यांना गच्ची बघायची होती, रास्त मागणी. पण गच्ची सोसायटीची, किल्ली वॉचमनकडे, म्हणून सेक्रेटरीकाकांना मेसेज टाकून त्यांच्या परवानगीने नेलं. गच्चीवर पाणी भरून ठेवायची टेस्ट हवी म्हणाले, ती सोसायटीकडे मागा म्हटलं.

वायरिंग. आरसीसीबीचं (करंट गळला तर लाइट तोडणारा स्विच) टेस्ट बटण दाबून लाइट जातात का हे दाखवा, काहीच खर्च नाही. मेगर टेस्ट, म्हणजे वायरच्या इन्सुलेशनची तपासणी, करायची म्हणाले तर लायसन्सवाला वायरमन हवा आणि आधी फ्रिज, टीव्ही, राउटर, सगळ्याचे प्लग काढून ठेवा, त्या टेस्टला साधारण 500 व्होल्ट डीसी सोडतात आणि त्यात एखादं इलेक्ट्रॉनिक्स उडालं तर भरून कोण देणार यावर वाद होतो.

ओलावा मोजायचं मीटर, थर्मल कॅमेरा, लेझरने मापं घेणं, यांना खुशाल हो म्हणा, भिंतीला काही होत नाही. सकाळचं ऊन कुठे येतं, रात्री पार्किंग मिळतं का हे बघायला वेगवेगळ्या वेळी यायचं म्हणाले तर एकदा सकाळी, एकदा रात्री येऊ द्या, पार्किंग तर खालून बघून होतं. एक रात्र राहून बघू का असं विचारणारेही भेटतात, मला एक भेटले. नाही.

स्टेप 4: खोल तपासणी विसार झाल्यावरच

मेहुण्यांची यादी संपेना तेव्हा न्यू जर्सीवाल्या मुलाने तिथली एक चेकलिस्ट पाठवली, त्यात बेसमेंट, फर्नेस आणि रेडॉन गॅसची टेस्ट. आम्ही चार मजले जिने चढून राहणारी माणसं, बेसमेंट कुठून आणायचं. पण त्याच्याशी बोलताना एक कामाची गोष्ट कळली. तिकडे घेणारा कॉन्ट्रॅक्ट झाल्यावर ठरलेल्या दिवसांच्या आत स्वतःच्या खर्चाने इन्स्पेक्शन करून घेतो, आणि ते दिवस संपले की तो विषय बंद. दिवस ठरवणं हेच आमच्याकडे राहून गेलं होतं.

मग आम्ही विसारपावतीतच लिहिलं. वकिलाकडून तपासून घेतलेला मजकूर साधारण असा होता: विसारापासून 10 दिवसांत, आधी 24 तास कळवून, जास्तीत जास्त दोन भेटी, तपासणीचा खर्च घेणाऱ्याचा, काहीही खरवडायचं, फोडायचं किंवा उघडायचं तर विकणाऱ्याची लेखी परवानगी, नुकसान झालं तर आठ दिवसांत पूर्ववत करून द्यायचं, आणि तपासणीत आम्ही लिहून दिलेल्या यादीबाहेरचा मोठा दोष निघाला तर विसार परत. शेवटचं वाक्य बाबांना अजिबात आवडलं नव्हतं. पण ते नसेल तर समोरचा माणूस सगळी तपासणी विसाराच्या आधीच उरकायला बघणार, फुकटात, आणि तुमचे सगळे रविवार जाणार. विसाराची रक्कम चेकने किंवा ऑनलाइन घ्या, पावतीवर दोघांच्या सह्या.

कागद मागतात तेव्हा

ओरिजिनल अॅग्रीमेंट, इंडेक्स टू (रजिस्ट्रेशनचा उतारा), शेअर सर्टिफिकेट (सोसायटीच्या सभासदत्वाचं) हे तुमच्यासमोर बसून वाचू द्या, वकील घेऊन आले तरी चालेल. झेरॉक्स द्याल तिच्यावर पेनने आडवं "फक्त अमुक फ्लॅटच्या व्यवहारासाठी" आणि तारीख. ओरिजिनल एक रात्रही घराबाहेर नको. विक्रीचा करार झाल्यावर ताबा देईपर्यंत घराची आणि टायटलच्या कागदांची काळजी घेणं हे त्याच कलम 55 प्रमाणे आपलंच काम आहे, त्यामुळे यावर कुणी तोंड वाकडं केलं तर हेच कारण सांगा. होम लोन चालू असेल तर ओरिजिनल बँकेत असतात, मग बँकेकडून कागदांची यादी आणि लोन किती बाकी आहे त्याचं लेटर काढून ते दाखवायचं, पूर्ण खात्याचं स्टेटमेंट नाही.

आधार द्यायचंच झालं तर मास्क्ड, ज्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात, यूआयडीएआयच्या साइटवरून डाउनलोड होतं. पॅन नंबर त्यांना लागतोच, 50 लाख किंवा त्यावरचा व्यवहार असेल तर 1 टक्का टीडीएस कापून भरायची जबाबदारी घेणाऱ्याची असते, पण तो विसाराच्या वेळी द्या, पहिल्या चहाला नाही. सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र, प्रॉपर्टी टॅक्सची पावती, लेटेस्ट लाइट बिल, ठीक. इन्कम टॅक्स रिटर्न मागितलेलेही ऐकलेत, त्याचा घराशी संबंध नाही.

नाही म्हणायचं तर कसं

फोनवर नको, फोनवर आवाज चढतो. व्हॉट्सअॅपवर, आणि नाहीच्या मागोमाग पर्याय. मी काकांना पाठवलेला मेसेज असा होता: "काका, नमस्कार. टाइल्स उचकटायला आम्हाला जमणार नाही, 2018 चं वॉटरप्रूफिंग खराब होईल आणि त्याची जबाबदारी मग कुणाचीच राहणार नाही. त्याऐवजी शनिवार ते सोमवार बाथरूममध्ये पाणी भरून ठेवतो, मामांनी स्वतः खाली येऊन सीलिंग बघावं. कामाचं बिल आणि फोटो सोबत पाठवतेय." त्यांच्या मेहुण्यांना मामा म्हणायला लागल्यापासून निम्मा ताण उतरला हेही सांगून ठेवते. लेखी असलं की पुढे "तुम्ही तेव्हा म्हणाला होतात" हा प्रकार होत नाही.

आणि एखादी पार्टी पर्याय दिल्यावरही तीच मागणी तिसऱ्यांदा करत असेल, विसाराचं नाव काढत नसेल, प्रत्येक भेटीत एक नवीन खोट काढून पन्नास हजार कमी करत असेल, तर ती तपासणी नाही, घासाघीस आहे. तिथे भावावरच बोला आणि किंमत पटत नसेल तर सोडून द्या.

भाडेकरू राहत असेल तर

तर ते घर सध्या त्यांचं आहे असं समजून वागा. लीव्ह अँड लायसन्सचा करार काढून त्यात घर दाखवण्याबद्दल काय लिहिलंय ते बघा, आणि लिहिलेलं असलं तरी आदल्या दिवशी विचारून, त्यांच्या सोयीच्या वेळी, आणि आठवड्यात एकाच दिवशी सगळ्या पार्ट्या एकापाठोपाठ. भाडेकरू वैतागला की दारात उभा राहून घराच्या अशा काही तक्रारी सांगतो की तुमची फाइल बाजूलाच राहते.

विसारानंतर उरलेल्या दोन भेटी

एक बँकेच्या व्हॅल्युअरची, म्हणजे घराची किंमत काढणाऱ्याची, घेणारा लोन काढत असेल तर. तो येतो, मापं घेतो, प्रत्येक खोलीचे आणि बिल्डिंगचे फोटो काढतो आणि अर्ध्या तासात जातो. याला अडवू नका, फक्त तो खरंच त्या बँकेकडून आलाय का हे आयकार्डवर आणि घेणाऱ्याला फोन करून खात्री करा.

दुसरी भेट ताब्याच्या आदल्या दिवसाची, आणि मधल्या काळात हमखास येणारी मागणी म्हणजे "किल्ली द्या ना, सुताराला मापं घ्यायचीत." आमच्याकडे साठेखत, म्हणजे विक्रीचा करार, झाल्यावर आठवड्याभरात आली. सुताराला या म्हणा, पण आपण घरात असताना, आणि मापंच, खिळा नाही. पूर्ण पैसे मिळेपर्यंत किल्ली आपली. शेवटच्या भेटीत घर रिकामं असतं तेव्हा काका-काकूंबरोबर सगळे नळ, फ्लश, पंखे, गीझर चालू करून बघितले, फिक्स फर्निचरच्या यादीवर टिक मार्क केले, लाइटच्या मीटरच्या रीडिंगचा फोटो दोघांच्या फोनमध्ये काढला. छोट्या बेडरूमच्या कोपऱ्यातला डाग मामांनी परत एकदा बोटाने चाचपून बघितला आणि यादीच्या खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, "डाग आधीपासून, सोसायटीला कळवलेले." त्याखाली दोघांच्या सह्या घेतल्या, एक झेरॉक्स त्यांच्याकडे, एक आमच्याकडे, आणि बँकेचा डीडी दुसऱ्या दिवशी हातात आल्यावर तिन्ही किल्ल्या दिल्या, टाकीच्या खोलीची धरून चार.